कृपा फाउंडेशन : चर्चच्या आवारातून देशभर

व्यसनी माणसाच्या उपचाराचे व पुनर्वसनाचे काम करणाऱ्या महाराष्ट्रातील संस्थांमध्ये मुंबईच्या कृपा फाउंडेशनचे स्थान काहीसे वेगळे आहे. १९८१ साली वांद्रे पश्चिमेच्या चॅपल रोडवरील माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा या कॅथलिक धर्मगुरूंनी सुरू केलेल्या या संस्थेने ख्रिस्ती श्रद्धा, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्या आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचा योग यांना एका छपराखाली आणले, आणि त्यानंतरच्या चार दशकांत मेंदूविज्ञानाने व्यसनाविषयी जे दाखवून दिले त्याच्याशी हा मेळ बराचसा जुळत गेला. प्रस्तुत इतिहासात व्यक्तींची नावे थोडी आढळतील. बारा पायऱ्यांच्या चळवळीत निनावी राहणे हे तत्त्वच मानले जाते, आणि केंद्रे चालवणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले असल्याने त्यांचे श्रेय सामुदायिकपणे नोंदवणेच उचित ठरते.

पूर्वपीठिका : १९५० पर्यंत

दारूविरुद्धचा आवाज महाराष्ट्राला नवा नव्हता. जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये शहरातील दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. १८८८ मध्ये डब्ल्यू. एस. केन यांच्या पुढाकाराने इंग्लंडात स्थापन झालेल्या अँग्लो-इंडियन टेंपरन्स असोसिएशनने मिशनरी आणि हिंदी सुधारक यांना एका व्यासपीठावर आणले, आणि १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात गुत्त्यांवर निरोधन (पिकेटिंग) झाले. या सर्व प्रयत्नांचा रोख दारू विकणाऱ्यावर, दारूपासून महसूल मिळवणाऱ्या सरकारवर, अथवा पिणाऱ्याच्या नीतीवर होता. शपथ घेतलेला माणूस आठवड्याभरात पुन्हा गुत्त्यात का जातो, या प्रश्नाला त्या काळी ‘मनाचा कमकुवतपणा’ यापलीकडे उत्तर नव्हते, आणि चर्चच्या व्यासपीठावरूनही त्याला बहुधा पाप म्हणूनच संबोधले जाई.

याला वेगळे वळण मिळाले ते अमेरिकेत. १९३५ मध्ये ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअरबाजारातील दलाल आणि बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक, हे दोन मद्यपी एकमेकांना भेटले आणि त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसते ‘ए. ए.’ म्हणतात, ती संघटना उभी राहिली. दोघांचाही संबंध ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती पुनरुज्जीवनवादी चळवळीशी आलेला होता. आपल्या दोषांची कबुली देणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे आणि देवाच्या इच्छेला शरण जाणे या गोष्टी त्यांनी तेथून घेतल्या. परंतु दुसरा धागा वैद्यकाचा होता. विल्सनवर उपचार करणारे डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी त्याला सांगितले होते की, मद्यासक्ती ही शरीराची एक प्रकारची अ‍ॅलर्जी आणि मनाचा ध्यास अशी दुहेरी व्याधी आहे. अ‍ॅलर्जीची ती कल्पना आजच्या विज्ञानात टिकलेली नाही. तथापि ‘हा आजार आहे’ हे एका डॉक्टराने एका मद्यप्याला ठामपणे सांगणे ही त्या काळातील मोठीच घटना होती.

१९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ए. ए.च्या मूळ ग्रंथात बारा पायऱ्या मांडल्या गेल्या. पहिली पायरी दारूपुढे आपण हतबल झालो आहोत हे मान्य करण्याची, तिसरी आपले जीवन, ज्याला जसा कळला त्या ईश्वराच्या हाती सोपवण्याची, चौथी व पाचवी स्वतःचा निर्भीड नैतिक झाडा घेऊन तो दुसऱ्या माणसासमोर उघड करण्याची, अकरावी प्रार्थना व ध्यानाची, आणि बारावी हाच निरोप दुसऱ्या व्यसनी माणसापर्यंत नेण्याची आहे. सेंट लुइसचे येशूसंघीय धर्मगुरू एड डाउलिंग यांनी या पायऱ्या वाचल्या तेव्हा त्यांना त्यांत संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेची छाया दिसली, आणि १९४० मध्ये ते विल्सनला मुद्दाम भेटायला गेले. ख्रिस्ती धर्मशास्त्रात तारण हे माणसाच्या स्वतःच्या बळाने होत नसून देवाच्या कृपेने होते असे मानले जाते. पहिली पायरी त्या सिद्धांताच्या अगदी जवळची आहे. चार दशकांनी वांद्र्यात संस्था निघाली तेव्हा तिला याच कृपेचे नाव देण्यात आले.

१९५०–६० : बंदीची मुंबई

मुंबई मद्यनिषेध अधिनियम, १९४९ लागू झाल्यानंतर १९५० च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. बंदीने दारू कमी झाली असेल, परंतु ती नाहीशी झाली नाही. हातभट्टीचा धंदा फोफावला, आणि मुंबईच्या गिरगाव, माझगाव, वांद्रे अशा वस्त्यांत घराच्या पुढच्या खोलीत चोरून दारू विकणाऱ्या ख्रिस्ती बायकांमुळे ‘आंटीचा अड्डा’ हा शब्दप्रयोग मुंबईच्या बोलीत कायमचा रुजला. धर्मगुरूंना हे दृश्य आपल्याच पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीत, रोज दिसत होते. विकणारी बाई रविवारी मिस्सेला येई आणि पिणाऱ्याची बायकोही त्याच बाकावर असे. अशा ठिकाणी नुसत्या प्रवचनाने काही साधत नाही, हे उमगायला फार विद्वत्ता लागत नव्हती.

याच वातावरणात १९५७ च्या मे महिन्यात मुंबईत ए. ए.ची सुरुवात झाली. या संघटनेला स्वतःची इमारत नसते, ती बाहेरची देणगी घेत नाही. सभा भरतात त्या बहुधा चर्चच्या, शाळेच्या वा दवाखान्याच्या उसन्या खोलीत. मुंबईतही चर्चच्या सभागृहांनी हा आसरा दिला आणि पुढे सभा इंग्रजीबरोबर मराठीतही भरू लागल्या. सभेचे रूप आजही तेच आहे. खुर्च्यांचे वर्तुळ, चहा, पहिल्या नावाने ओळख आणि ‘मी मद्यपी आहे’ ही कबुली. त्यानंतर ‘शेअरिंग’, म्हणजे आपली कहाणी सांगणे, ज्यात कोणी कोणाला उलट प्रश्न विचारत नाही. एकमेकांना सभासद ‘मित्र’ म्हणतात, आणि पुन्हा प्यायलेल्या मित्राला ‘स्लिप झाली’ एवढेच म्हटले जाते.

विज्ञानाच्या बाजूने याच दशकात दोन गोष्टी घडल्या. १९५४ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूच्या ठरावीक भागात विजेची सूक्ष्म तार बसवली, तेव्हा उंदीर ती उत्तेजना मिळवण्यासाठी पट्टी पुन्हा पुन्हा दाबत राहिले. मेंदूत ‘पारितोषिका’चे स्वतंत्र जाळे आहे याचा हा पहिला ठोस पुरावा ठरला. १९५६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले. या दोन्हींचा चॅपल रोडशी तेव्हा काहीही संबंध नव्हता.

१९६१–८० : तयारीचा काळ

या दोन दशकांचा इतिहास संस्थेचा नव्हे, तर संस्थेला लागणाऱ्या जमिनीचा आहे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांतील सत्य व पावित्र्य यांच्याकडे आदराने पाहण्याची दिशा दिली. १९६४ च्या अखेरीस मुंबईत आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांची जागतिक परिषद, भरली आणि पोप सहावे पॉल स्वतः शहरात आले. या बदलत्या वातावरणात तरुण फादर परेरा साठच्या दशकाच्या अखेरीस अय्यंगारांचे शिष्य झाले. अय्यंगार पुण्याहून येऊन मुंबईत आठवड्याअखेरचे वर्ग घेत असत. १९७५ मध्ये पुण्यात त्यांची रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली. त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, ज्याला आसन जमत नाही त्याला लोड, पट्टा, वीट, खुर्ची, दोरी यांचा आधार देऊन ते जमवून दिले जाते. थरथरत्या हातांच्या आणि बसलेल्या छातीच्या माणसाला याचा उपयोग होईल, ही जाणीव पुढच्या कामाचे बीज ठरली.

१९८१–९० : स्थापना आणि पहिली परीक्षा

१९८१ मध्ये चर्चच्या आवारात काम सुरू झाले ते दारूच्या प्रश्नावर. त्याच सुमारास अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या वाटेने येणारी ब्राऊन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, मुंबईत पसरू लागली आणि ‘गर्द’ व ‘गर्दुल्ला’ हे शब्द मराठी वर्तमानपत्रांत रोजचे झाले. दारू सोडवण्याचा जो थोडाफार अनुभव होता तो येथे अपुरा पडला. गर्द थांबल्यावर होणारा त्रास, ज्याला केंद्रांमधून ‘टर्की’ म्हणतात, त्यात रुग्णाचे अंग मोडून येते, जुलाब-उलट्या होतात, नाका-डोळ्यांतून पाणी वाहते, रात्र रात्र झोप लागत नाही. दारूची गोष्ट आणखी वेगळी आहे. दीर्घकाळ पिणाऱ्याने ती एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत भ्रम, झटके आणि क्वचित मृत्यूही ओढवू शकतो, म्हणून तेथे झोपेच्या गटातील औषधे, थायमिन हे जीवनसत्त्व आणि डॉक्टरांची देखरेख अनिवार्य असते. या टप्प्यावर प्रार्थनेने औषधाची जागा घ्यावी असा आग्रह धरणारी श्रद्धा रुग्णाच्या जिवावर उठते, हे येथे स्पष्ट लिहिलेले बरे.

त्रासाचे पहिले दिवस उलटल्यावर संस्थेचे खरे काम सुरू होई. सकाळी आसने व प्राणायाम, दिवसा गटचर्चा व समुपदेशन, सायंकाळी ए. ए. किंवा गर्दुल्ल्यांसाठीच्या नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमसची सभा, आणि शांत बसून ध्यान, अशी दिनचर्या बांधली गेली. लोडावर पाठ टेकवून, पायांना पट्टा बांधून छाती उघडणाऱ्या आसनात निजवलेला रुग्ण, ज्याला जागेपणी दहा मिनिटे स्वस्थ पडून राहणे अशक्य झालेले असे, तो श्वासाकडे लक्ष देऊ लागे. दाखल होणाऱ्याला त्याचा धर्म विचारला जात नसे. ‘ज्याला जसा कळला तो ईश्वर’ ही ए. ए.ची शब्दयोजना हिंदू, मुस्लिम आणि नास्तिक रुग्णांनाही सामावून घेण्यास पुरेशी ठरली.

ख्रिस्ती संस्थेत योग शिकवला जावा का, हा प्रश्न त्या काळी उपस्थित होणे अपरिहार्य होते. १९८९ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने ख्रिस्ती ध्यानासंबंधी काढलेल्या पत्रात पौर्वात्य पद्धतींबाबत सावधगिरीचा इशारा होता, बंदी मात्र नव्हती. या चर्चेच्या तपशिलात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. काम थांबले नाही, एवढे नमूद करणे पुरेसे आहे.

याच दशकात शेजारी एक भावंड जन्माला आले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळाने, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथील वातावरण धार्मिक नव्हते. परंतु व्यसनी माणसाला अपमानाविना स्वीकारणे, बऱ्या झालेल्या रुग्णालाच कार्यकर्ता करणे आणि कुटुंबाला उपचारात ओढणे या तिन्ही बाबतींत दोन्ही संस्था एकाच वाटेने चालत होत्या. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आणि त्याच सुमारास स्वयंसेवी केंद्रांसाठी सुरू झालेली केंद्र सरकारची अनुदान योजना यांमुळे अशा कामाला प्रथमच सरकारी आधार मिळाला.

१९९१–२००० : विस्तार आणि डोपामिन

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मणिपूरमध्ये सुईने हेरॉइन टोचून घेणाऱ्या तरुणांत एचआयव्हीची लागण मोठ्या प्रमाणावर आढळली. कृपा फाउंडेशनने व्यसनाबरोबर एचआयव्ही-एड्सचे कामही हाती घेतले आणि ईशान्येकडील राज्यांत केंद्रे काढली. वसई, पुणे, गोव्यातील हणजूण येथेही काम पोहोचले. ज्या काळात एचआयव्हीबाधिताला घरचे लोकही वेगळे ताट देत, त्या काळात त्याला गटात बसवून घेण्याचे काम ज्या अनाम कार्यकर्त्यांनी केले, त्यांची मोजदाद कोणत्याही अहवालात पुरती होणार नाही.

व्यसनाच्या विज्ञानातील सर्वांत महत्त्वाचे दशकही हेच. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन स्रवणाऱ्या चेतापेशींची नोंद घेतली. डोपामिन हे एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारे रसायन आहे. माकडाला फळाचा रस अवचित मिळाला की या पेशी जोमाने चेतत. परंतु रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या रसाच्या वेळी गप्प राहून दिवा लागतानाच चेतू लागल्या, आणि दिवा लागूनही रस मिळाला नाही तर त्यांची क्रिया नेहमीपेक्षाही खाली गेली. १९९७ मध्ये शुल्ट्झ, दयान व माँटेग्यू यांनी या निरीक्षणांचा गणिती अर्थ लावला : या पेशी बक्षिसाला नव्हे, तर अपेक्षित आणि प्रत्यक्ष बक्षीस यांतील फरकाला प्रतिसाद देतात. टेरी रॉबिन्सन व केंट बेरिज यांनी १९९३ मध्येच असे प्रतिपादन केले होते की, ‘आवडणे’ आणि ‘हवेसे वाटणे’ या मेंदूच्या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि व्यसनात दुसरी पहिलीपासून सुटून वाढत जाते. म्हणूनच दारूत आता काही राम नाही असे मनापासून म्हणणारा माणूस बाटलीचा आवाज ऐकताच उठतो, आणि ज्याला घरचे ढोंग समजतात ते पुष्कळदा ढोंग नसते.

याच्या जोडीला नोरा व्होल्को व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मेंदूचित्रणाने दाखवले की, दीर्घ व्यसनात डोपामिन ग्रहण करणारी केंद्रे कमी होतात आणि कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे विचार करून थांबण्याची क्षमता देणारा भाग, मंदावतो. ज्या अवयवाने ‘नको’ म्हणायचे तोच दुखावलेला असताना निव्वळ निश्चयावर भिस्त ठेवणे फसवे ठरते. बारा पायऱ्यांची पहिली पायरी, आपल्या बळावर हे होणार नाही ही कबुली, प्रयोगशाळेच्या साठ वर्षे आधी अनुभवातून याच ठिकाणी पोहोचली होती. अर्थात यावरून ख्रिस्ती सिद्धांत विज्ञानाने सिद्ध झाला असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. मेंदूचे चित्र कृपेविषयी काही सांगत नाही, ते फक्त इच्छाशक्तीची मर्यादा दाखवते.

२००१–१० : मान्यता

२००१ मध्ये व्होल्को यांच्या गटाने मेथॅम्फेटामिन सोडलेल्या व्यक्तींची तपासणी केली, तेव्हा वर्षाच्या आसपास वा त्याहून अधिक काळ दूर राहिलेल्यांच्या मेंदूतील डोपामिनशी निगडित प्रथिने बऱ्याच प्रमाणात सावरलेली आढळली, जरी कार्यक्षमता तेवढी सुधारली नव्हती. ए. ए.च्या सभांमध्ये व्यसनमुक्तीचा पहिला ‘वाढदिवस’ एवढ्या थाटाने का साजरा होतो, याचे एक उत्तर या निष्कर्षात आहे. पहिले वर्ष हे मेंदूच्याही डागडुजीचे वर्ष असते.

कृपाच्या दृष्टीने अधिक जवळचे संशोधन बोस्टन विद्यापीठात झाले. क्रिस स्ट्रीटर यांच्या गटाने २००७ मध्ये तासभराच्या योगाभ्यासानंतर मेंदूतील गॅबा या द्रव्याचे प्रमाण वाढल्याचे नोंदवले, आणि २०१० च्या अभ्यासात बारा आठवडे अय्यंगार पद्धतीचा योग करणाऱ्यांची तुलना तेवढाच वेळ चालणाऱ्यांशी केली. गॅबा चेतापेशींना शांत करते. दारूही त्याच यंत्रणेवर काम करते, आणि सतत पिणाऱ्याच्या मेंदूत ही यंत्रणा बिघडते. या अभ्यासांतील माणसे थोडी होती आणि ती व्यसनी नव्हती, तेव्हा दावा बेताचाच करावा लागतो. तरीही लोड-पट्ट्यांच्या खोलीत तीन दशके चाललेल्या कामाकडे डॉक्टरमंडळी कुतूहलाने पाहू लागली. २००९ मध्ये फादर परेरा यांना पद्मश्री मिळाली. हा सन्मान संस्थेतील सर्वांनी आपलाच मानला.

२०११ नंतर : पडताळणीचा काळ

२०१६ च्या सुमारास न्यूयॉर्क विद्यापीठातील मार्क गॅलँटर यांनी ए. ए.च्या वीस जुन्या सभासदांना मेंदूचित्रणाच्या यंत्रात दारूची चित्रे दाखवली. वर्तमानपत्र वाचल्यानंतरच्या तुलनेत ए. ए.च्या प्रार्थना वाचल्यानंतर त्यांची तलफ कमी झाली, आणि भावना व लक्ष यांचे नियमन करणाऱ्या पुढच्या भागांत हालचाल वाढलेली दिसली. वीस माणसांवरचा अभ्यास हा प्रारंभच असतो. याहून भक्कम पुरावा २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात मिळाला. २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक व्यक्ती विचारात घेऊन त्यात असे म्हटले की, ए. ए. व तिच्याशी जोडून देणारे उपचार हे दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत अन्य मान्य उपचारांइतके, आणि कित्येकदा अधिक, परिणामकारक आहेत. या आढाव्याचे एक लेखक जॉन केली यांच्या अन्य संशोधनातून दिसते की, हा परिणाम अनेकांच्या बाबतीत मुख्यतः मित्रमंडळ बदलल्यामुळे होतो. श्रद्धाळू आणि संशयवादी दोघांनीही या निष्कर्षावर थोडे थांबायला हवे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने दारू व अमली पदार्थांशी संबंधित विकार मानसिक आजारांच्या कक्षेत आणले आणि केंद्रांवर नोंदणी, रुग्णाची संमती व त्याचे हक्क यांबाबत बंधने घातली. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना तिच्यामुळे मदतीची गरज आहे. निवासी केंद्रांची संख्या कितीही वाढली तरी हा आकडा त्यांच्या आवाक्यात येणारा नाही.

मांडवी आणि दक्षिण कोकण

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरील वाचकाला वांद्र्याचा हा इतिहास दूरचा वाटेल, पण संबंध जुना आहे. माडी काढणारा भंडारी, समुद्रावर जाणारा खलाशी आणि मुंबईला गिरणीत वा गोदीत जाणारा चाकरमानी यांचे हे गाव. बंदीच्या काळातील मुंबईची दारू पिणाऱ्यांत कोकणचा माणूस मोठ्या संख्येने होता. रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय आहे, म्हणजे मेंदूच्या आजाराचा उपचार या शहराला परका नाही.

येथील अडचण वेगळीच आहे. मुंबईत वा पुण्यात उपचार घेतलेला माणूस गणपतीला किंवा शिमग्याला गावी येतो, पालखीबरोबर फिरतो, जुने सोबती भेटतात, आणि तेथेच स्लिप होते. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या, तेथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी बहुसंख्य जण घरी आल्यावर पुन्हा त्या व्यसनात पडले नाहीत, असे ली रॉबिन्स यांना सत्तरच्या दशकात आढळले होते. परिसर बदलल्याने तलफ जागवणाऱ्या खुणा बदलल्या, हे त्याचे एक कारण मानले जाते. चाकरमान्याच्या बाबतीत हेच उलट्या दिशेने घडते. मासेमारीच्या गावांत तर पाठपुराव्याचे वेळापत्रकही समुद्राने ठरवावे लागेल, कारण १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक नौकांच्या बंदीचा काळ म्हणजे खलाशी घरी असण्याचा, हाताला काम नसण्याचा काळ, आणि हंगामात मात्र दर आठवड्याच्या सभेला येणे त्याला शक्य नसते.

गोव्यात संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून, खास प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांमार्फत, धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी काही भेटींचे समुपदेशन राबवले, आणि त्याचे अनुकूल निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. डॉक्टरांची वानवा असलेल्या किनारपट्टीला हा नमुना परवडणारा आहे. तलफ अनावर झालेल्या माणसाला अथवा त्याच्या घरच्यांना वाट पाहावी लागू नये म्हणून केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, आणि चर्च असो, देऊळ असो वा शाळा, आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी खोली मिळाली की ए. ए.चा गट सुरू करण्यास दोन मित्र पुरेसे असतात.